ट्वेंटी फाइव्ह ट्वेंटी वन : तुटलं त्याचं नाही, ज्या घाईनं तोडलं त्याचं वाईट वाटतंय (शेवट फोडलाय)

गवतीचहा

ज्यांची बघायची राहिलीये त्यांनी इथूनच मागे फिरा, मी शेवटासकट सगळं लिहिणारे, नंतर मला बोल लावू नका.

काल रात्री दीड वाजता सोळावा भाग संपवला. टीव्ही बंद केला आणि तशीच बसून राहिले, लाइटही लावला नाही. नवरा पाणी प्यायला उठला तो घाबरलाच, म्हणे काय झालं, गावाहून फोन आला का. काय सांगणार त्याला. गेले तीन आठवडे जेवणं आवरली, ओटा पुसला की मी एक भाग बघायचे, त्या तासाची दिवसभर वाट बघायचे, आणि त्याचा शेवट हा असा. आज ऑफिसात पण डोक्यातून जात नव्हतं म्हणून इथे लिहितेय, कोणीतरी बघितली असेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२२ ची कोरियन मालिका, फेब्रुवारी ते एप्रिल अशी तिकडे टीव्हीएनवर शनिवार-रविवार लागायची, आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आहे. गोष्ट १९९८ ची. आदल्या वर्षाच्या शेवटी कोरियाचं दिवाळं निघायची वेळ आली होती आणि त्यांना आयएमएफकडे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) हात पसरावे लागले होते, तिकडची माणसं त्या सगळ्या काळालाच 'आयएमएफ' म्हणतात. ना ही-दो ही शाळकरी मुलगी, तलवारबाजी करते, त्यातला सेबर हा प्रकार. पैसे नाहीत म्हणून शाळा तलवारबाजीची टीमच बंद करून टाकते. ती कोचला विचारायला जाते तर ते म्हणतात, तुझं स्वप्न मी नाही हिरावलं, काळानं हिरावलंय. आणि बेक यी-जिन, बड्या घरचा मुलगा, बापाचा धंदा बुडाला, बाप कर्ज देणाऱ्यांपासून तोंड लपवत फिरतोय, आई आणि धाकटा भाऊ वेगळीकडे, आणि हा एकटा खोली घेऊन राहतो, पहाटे पेपर टाकतो आणि दिवसा कॉमिक्स भाड्यानं देणाऱ्या दुकानात बसतो. ती १८ ची, हा २२ चा (तिकडच्या तेव्हाच्या वय मोजायच्या पद्धतीनं).

मला ज्या सीननं धरलं तो दुसऱ्याच भागात आहे. ज्यांचे पैसे बुडालेत अशी दोन माणसं यी-जिनला गाठतात. ओरडणारे गुंड नाहीत, साधी संसारी माणसं, त्यांचीही घरं बसलीयत. हा पोरगा त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहतो आणि म्हणतो, मी कधीच सुखी होणार नाही, तुमचं दुःख लक्षात ठेवून जगेन. २२ वर्षांचा पोरगा. ही-दोनं ते ऐकलेलं असतं. मग रात्री शाळेच्या आवारात हात धुवायचे नळ असतात ना ओळीनं, ते तोंडं वर करून सोडतात, पाणी कारंज्यासारखं उडतं, दोघं भिजतात, पळतात. आणि नंतर ती त्याला सांगते की मग आपण दोघं असू तेव्हा तेवढ्यापुरतं सुखी होऊ या, त्यांना कळू न देता, गुपचूप. मी तो सीन तीनदा मागे घेऊन बघितला. कोणाला धीर द्यायचा म्हणजे काय ते त्या एका वाक्यात आहे, 'सगळं ठीक होईल' म्हणत नाही ती, तू चुकीचं वचन दिलंस असंही म्हणत नाही, त्याच्या वचनाला धक्का न लावता त्यातनं थोडी जागा काढून देते.

आणि ही दोघं बोलतात हो एकमेकांशी! हेच तर मला आवडलं होतं. इतर मालिकांत अर्धे भाग गैरसमजात जातात, कोणीतरी कोणालातरी दारातून बघतं, अर्धवट ऐकतं, चार भाग तोंड फिरवून. इथे ही-दो मनात आलं की सांगून मोकळी होते. मला तुझा मत्सर वाटतो, हेसुद्धा तोंडावर सांगते. यू-रिमशी, म्हणजे तिच्याच शाळेतल्या दुसऱ्या तलवारबाज मुलीशी, तिचं सुवर्णपदकाचं भांडण होतं, सगळा देश हिला पदकचोर म्हणतो, तेव्हा यी-जिन, जो एव्हाना नवखा रिपोर्टर झालेला असतो, त्या मॅचच्या पंचाला गाठतो आणि निर्णय बरोबर होता हे कॅमेऱ्यासमोर वदवून घेतो. ती दोघांच्या नात्याला नाव शोधत बसते, इंद्रधनुष्य म्हणू या म्हणते, आणि हा सरळ सांगतो की इंद्रधनुष्य वगैरे काही नाही, प्रेम आहे हे. अशी माणसं.

मग पंधराव्या-सोळाव्या भागात काय होतं? सप्टेंबर २००१, न्यूयॉर्कचे टॉवर पडतात, यी-जिनला बातमीसाठी तिकडे पाठवतात, तो तिकडचाच होतो, फोन होत नाहीत, ती वाट बघते, आणि बोगद्यात उभं राहून दोघं एकमेकांना नको नको ते बोलतात आणि संपलं. चौदा भाग ज्यांनी एकमेकांपासून काही लपवलं नाही ती दोन माणसं नेमकी बोलायच्या वेळी गप्प बसतात. का? तर लेखिकेला शेवट तसा हवा होता म्हणून.

मला वेगळं होण्याचं दुःख नाही हे परत सांगते. पहिल्या भागातच कळतं की ही-दोची मुलगी किम मिन-चे आहे, आडनाव किम, म्हणजे बाप बेक नाही. मी काही लहान नाही, मला माहीत होतं. पण कसं तुटलं ते नीट दाखवायला हवं होतं हो. कारण तर होतं त्यांच्याकडे, आणि ते घरातच होतं! ही-दोची आई न्यूज अँकर. वडील गेले तेव्हा आई बातम्या देत होती, बापाच्या अंत्यसंस्काराला लेकीनं एकटीनं आईची वाट बघितली, ती जखम आख्खी मालिकाभर वाहतेय. त्या मुलीनं पुन्हा एका बातमीदाराची वाट बघायची, ह्याच्यात केवढं होतं! तिनं फक्त एवढं म्हणायचं की यी-जिन, मी एक आयुष्य बातम्या संपायची वाट बघण्यात घालवलंय, दुसरं नाही घालवणार. मी मुकाट मान्य केलं असतं, रडले असते पण मान्य केलं असतं. ते धागे पडूनच राहिले आणि सगळं उरकलं.

दुसरं म्हणजे मोठेपणीची ही-दो. मुलगी डायरी वाचून विचारते, आई तुम्ही सगळे समुद्रावर गेला होतात ना, तर ही म्हणते, आठवत नाही. पाच मित्रमैत्रिणींचा तो समुद्र! आम्ही बघणारे विसरणार नाही आणि तू विसरलीस? तिथेच माझ्या पोटात खड्डा पडला होता, शेवट तर लांबच.

कोणाला काय वाटलं ते लिहा. मला खरंच बोलायचंय याच्यावर.

रानजाई

अगं अगदी अगदी. माझी भाची आणि मी एकत्र बघत होतो, ती नाशिकला मी इथे, एकाच वेळी लावायची आणि फोन चालू ठेवायचा. सोळाव्या भागाला दोघी एक शब्द बोललो नाही. शेवटी ती म्हणाली, मावशी, ठेवू फोन? एवढंच.

मला नवऱ्याचं पण खटकलं. ही-दोनं ज्याच्याशी लग्न केलं त्याचा चेहरासुद्धा दाखवत नाहीत. म्हणजे तो माणूस कोण, तिला त्याच्यात काय दिसलं, ती सुखात आहे का, काहीच नाही. मग यी-जिन विसरायला लावायचाय तर कोणासाठी? रिकाम्या खुर्चीसाठी?

खडीसाखर

मी इथे एकटीच वेगळं बोलणार बहुतेक, पण मला शेवट पटला.

नाव बघा मालिकेचं. १९९८ ला ती १८, तो २२. मग ती २१ आणि तो २५ कधी होतात? २००१ ला. म्हणजे ज्या वर्षी तुटतं तेच वर्ष नावात घालून ठेवलंय पहिल्या दिवसापासून. फसवलं म्हणता येणार नाही. ही गोष्ट लग्न होणार का याची नव्हतीच, त्या चार उन्हाळ्यांची होती.

आणि आठवत नाही म्हणते ते मला उलट फार खरं वाटलं. मला माझ्या अकरावीच्या ट्रिपमधलं काय आठवतं? बसचा रंग आणि कोणालातरी उलटी झाली होती. ज्या मैत्रिणीशिवाय पान हलायचं नाही तिचं लग्नानंतरचं आडनाव मला आता माहीत नाही. वाईट आहे, पण असंच होतं. त्या एका वाक्यासाठी मी त्या लेखिकेला मानते.

गवतीचहा

खडीसाखर, २००१ चं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! बरोबर आहे तुमचं. पण मग माझं म्हणणं अजूनच पक्कं होतं, की पहिल्यापासून माहीत होतं तर तयारी करायला चौदा भाग होते की हातात. घरी कार्य ठरलंय हे वर्षभर आधी माहीत असून आदल्या रात्री वाणसामान आणायला निघाल्यासारखं वाटलं मला.

विसरण्याबद्दल... हो, विसरतो आपण. पण तिच्या चेहऱ्यावर विसरल्याची काही खूण तरी? ती डायरी तिनेच लिहिलीय. एकदा हात थबकला असता तिचा तरी चाललं असतं मला.

हांगुल_शिकतेय

थोडं भाषेबद्दल सांगते कारण सबटायटल्समध्ये हे पूर्ण निसटतं. मी दोन वर्षं कोरियन शिकतेय, पुण्यातच.

ही-दो यी-जिनला 'ओप्पा' म्हणत नाही. वयानं चार वर्षं मोठा मुलगा, त्याला मुली साधारण ओप्पाच म्हणतात, आपल्याकडे दादा म्हणतात तसं, फक्त तिकडे तेच प्रेमातही चालतं. ही मात्र त्याला पूर्ण नावानं हाक मारते, 'बेक यी-जिन!' आणि बोलते पण अरेतुरेतच. तोही तिला 'ना ही-दो' असं आडनावासकट. म्हणजे आपल्याकडे एखादी बारावीची पोरगी कॉलेज सोडलेल्या मुलाला 'ए जोशी' म्हणेल तसं काहीतरी. त्यांच्या बरोबरीचं सगळं त्या हाकेत आहे.

म्हणूनच २००९ चा तो सीन मला शेवटापेक्षाही जड गेला. तो आता अँकर झालाय, ही पदक जिंकून आलीय, टीव्हीवर मुलाखत चाललीय, आणि दोघं एकमेकांशी अहोजाहोत बोलतात, बातम्यांच्या औपचारिक भाषेत. आणि त्याच भाषेत तो तिला लग्नाबद्दल शुभेच्छा देतो. इंग्लिश सबटायटल्समध्ये दोन्ही 'यू'च. ज्यांना कोरियन कळतं त्यांना तिथेच कळतं की संपलंय सगळं, डोळ्यांदेखत मधे भिंत उभी राहिलीय.

रानजाई

बापरे. हे माहीत नव्हतं. मराठी सबटायटल्स असती तर 'अरे'चं 'अहो' झालेलं दिसलं तरी असतं ना आपल्याला. अंगावर काटा आला वाचून.

चाळकरी

मी साठीचा माणूस, मुलीनं बघायला लावली. प्रेमकथेतलं मला फार कळत नाही पण एक सांगावंसं वाटतं.

ते 'काळानं हिरावलं' ऐकलं आणि मी मालिका तिथेच थांबवून खिडकीत जाऊन उभा राहिलो. वडील गिरणीत होते, परळला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि कबड्डी खेळायचो, बऱ्यापैकी खेळायचो. संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही, तो नुसता लांबत गेला. मैदान सुटलं, कॉलेज सुटलं, मी एका दुकानात कापडाची ठाणं उचलायला लागलो. मला कोणी वाईट वागवलं नाही. मालक चांगला होता. राग कोणावर काढायचा हेच कळत नव्हतं, आणि त्या कोचच्या तोंडचं वाक्य म्हणजे नेमकं तेच होतं.

कोरियातल्या लोकांनी त्या वेळी घरातलं सोनं देशाला दिलं होतं, जानेवारी १९९८ पासून, लग्नातल्या अंगठ्या, पोरांच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या, असं करून सव्वादोनशे टनाच्या वर जमलं. मुलीनं मला ते जुने फोटो दाखवले, रांगेत उभी असलेली माणसं. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांनी आयएमएफचं कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं.

म्हणून माझी निराशा वेगळी आहे. देशाचं कर्ज फिटलं, पण यी-जिनच्या घराचं काय? ती दोन माणसं, ज्यांच्यापुढे तो मान खाली घालून उभा होता, त्यांचं पुढे काय झालं? मला ती परत दिसायला हवी होती. एकदा. यी-जिन टीव्हीवर बातम्या देतोय आणि त्यातला एक माणूस कुठल्यातरी खानावळीत जेवता जेवता बघतोय, एवढं जरी दाखवलं असतं तरी मला पोचलं असतं. पहिले चार भाग ज्या जखमेवर उभे आहेत ती पुढे प्रेमाच्या गडबडीत कुठेतरी ठेवून दिली.

गवतीचहा

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खानावळीतला माणूस... हे त्यांना का नाही सुचलं.

मला त्या दोन माणसांची आठवण पण राहिली नव्हती हो शेवटी, आणि मी वर त्याच सीनबद्दल एवढं लिहिलंय. मला नुसती त्या दोघांचीच काळजी लागली होती.

हडसनपलीकडे

मी न्यू जर्सीत असतो, पंचवीसेक वर्षं झाली. शेवटाबद्दल मला थोडं वेगळं बोलायचंय, रागावू नका.

२००१ ला मी जर्सी सिटीत राहायचो, नदीपलीकडे ते टॉवर रोज दिसायचे. त्या मंगळवारी सकाळी मी स्टेशनला जायला निघालो होतो, पाथ ट्रेननं वर्ल्ड ट्रेड सेंटरखालच्याच स्टेशनला उतरायचो मी, पाच-दहा मिनिटं उशीर झाला होता. पुढचं सांगत नाही. फोन लागत नव्हते. साताऱ्याला आईशी बोलायला रात्र उजाडली आमची. पण मला जास्त आठवतं ते नंतरचं. शहरात भिंतीभर, खांबाखांबावर, हॉस्पिटलांच्या बाहेर चिकटवलेले हरवलेल्या माणसांचे फोटो, झेरॉक्सवर. लग्नातले फोटो, बाळाला कडेवर घेतलेले, खाली उंची, वजन, कितव्या मजल्यावर होता, काय घातलं होतं. पावसानं शाई ओघळली होती कितीतरींची. महिनोन्महिने होते ते कागद.

यी-जिन तिथे रिपोर्टर म्हणून जातो आणि रोज अशाच माणसांपुढे माइक धरतो. त्याला फोन करावासा वाटत नाही हे मला शंभर टक्के खरं वाटलं. मी स्वतः त्या काळात पुण्याला जिच्याशी लग्न ठरलं होतं तिला फोन करायचो तर दोन मिनिटांत बोलणं संपायचं. तिला वाटायचं मी बदललो. मी काय सांगणार होतो तिला? आज भिंतीवर एक नवा फोटो दिसला हे? आमचं तुटलं नाही कारण तिनं तिकीट काढलं आणि आली. नाहीतर तुटलंच असतं, आणि कारण विचारलं असतं तर मला ते सांगताही आलं नसतं.

त्यामुळे ती घाई नव्हती असं माझं मत. न बोलता असंच तुटतं.

खडीसाखर

हे वाचून पुढे काही लिहवेना.

गवतीचहा

दादा, रागवायचं काय त्यात. उलट तुम्ही जे लिहिलंत तेच मला मालिकेत हवं होतं! तुम्ही एका परिच्छेदात मला तो माणूस दाखवलात. पावसानं ओघळलेली शाई. फोन हातात घेऊन काय बोलू हे न सुचणं. मालिकेनं मला यी-जिन रडताना दाखवला, थकलेला दाखवला, पण त्याच्या आत शिरून मला बसवलं नाही, मग मी ही-दोच्या बाजूला बसून नुसतं घड्याळ बघत राहिले. दोन भागांत टॉवर पण, न्यूयॉर्क पण, ताटातूट पण, पुढची वीस वर्षं पण, मास्क लावलेला कोरोनाकाळ पण. किती कोंबायचं? तुमच्यासारखा माणूस दाखवायला अजून दोन भाग दिले असते तर मी आज हा धागा काढलाच नसता.

आणि वहिनींनी तिकीट काढलं. ही-दोनं का नाही काढलं? ती तर नळ उलटे करणारी मुलगी होती. ती विमानात बसली असती, तिकडे जाऊन भांडली असती आणि मग तुटलं असतं तर ती ही-दो मला ओळखू आली असती.

हडसनपलीकडे

हे बरोबर आहे. ती विमानात बसली असती. याला माझ्याकडे उत्तर नाही.

निवळशंख

सगळे त्या दोघांबद्दलच बोलतायत म्हणून मी यू-रिमचं लिहिते. माझ्या मते मालिकेतली खरी प्रेमकथा ही-दो आणि यू-रिमची आहे आणि तिचा शेवट त्यांनी व्यवस्थित केलाय.

ही-दो जिला देव मानायची तिच्याच शाळेत येते, ती हिचा राग राग करते, आणि इकडे दोघी कॉम्प्युटरवर चॅट करतात खोट्या नावांनी, एक रायडर ३७ आणि एक इन्जोल्मी, एकमेकींना ओळखत नसताना जिवाभावाच्या. मग यू-रिमच्या वडिलांच्या हातून अपघात होतो, भरपाई द्यायची ऐपत नाही, आणि ती पोरगी पैशासाठी रशियाचं नागरिकत्व घेते. देशद्रोही म्हणून भिंतीवर लिहितात लोक. यी-जिन ते बोगद्यात घासून पुसत बसतो, कारण बातमी त्यानंच फोडलेली असते. आणि मग माद्रिदची फायनल, दोघी दोन देशांच्या जर्सीत, मॅच संपल्यावर मुखवटे काढून एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. तिथे एक शब्द नाही आणि काही राहिलंय असंही वाटत नाही.

म्हणजे त्यांना जमत होतं! म्हणून जास्त राग येतो.

अवांतर : सेबरवरून आठवलं, आपली भवानी देवी पण सेबरच खेळते. टोकियो ऑलिंपिकला पहिली मॅच १५-३ जिंकली होती तेव्हा मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मालिका बघून झाल्यावर परत लावून बघितली, आता कोणाचा हल्ला आधी सुरू झाला ते जरा जरा दिसायला लागलंय. दोन्ही दिवे लागले तरी पॉइंट एकीलाच का, ते ही-दोच्या त्या वादग्रस्त पदकामुळे समजलं.

रानजाई

निवळशंख +१. आणि त्यांची शाळेतली मैत्रीण सुंग-वान, तिची आई! मास्तर एका मुलाला मारतो म्हणून ती पोरगी आवाज उठवते, माफी मागायला नकार देते, शाळा सोडायची म्हणते आणि आई शाळेत येऊन मुलीच्या बाजूनं उभी राहते. मला तो भाग माझ्या आईला दाखवायचाय.

कोकणकडा

अभिनयाबद्दल कोणी बोललंच नाही. ही-दो झालेली किम ते-री तेव्हा तिशी ओलांडलेली आहे, आणि आठवी-नववीतल्या पोरीसारखी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरते, तोंडात घास असताना बोलते, हसताना सगळं अंग हलतं तिचं. बेक्सांग हे तिकडचं अभिनयाचं बक्षीस मिळालं तिला त्या वर्षी, मिळायलाच हवं होतं. शेवट कसाही लिहिलेला असो, बसस्टॉपवर तो वाकून तिच्या बुटाची नाडी बांधतो तेव्हा ती वरून त्याच्या डोक्याकडे बघते ना, तेवढ्या बघण्यात पंधराव्या भागाचं लिखाण बऱ्यापैकी भरून काढलंय तिनं.

गवतीचहा

हो. नाडीचा सीन. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुहेरी गाठ मारतो, सुटू नये म्हणून, असं मला वाटलं, परत बघायला हवं. आणि शेवटी हरवलेली डायरी इतक्या वर्षांनी हातात येते, ती बोगद्यात जाते, आणि ती दोघं तेव्हा जे बोलायला हवं होतं ते मनातल्या मनात बोलतात. सुंदर आहे ते. पण ते तिच्या मनातलं आहे ना. यी-जिनला मिळालं का ते? त्याला तर नुसता तो जुन्या अकाउंटचा सुरक्षा प्रश्न आला वाट्याला, पहिलं प्रेम कोण, आणि तो टाइप करतो ना ही-दो आणि अकाउंट उघडतं. एकटाच बसलेला असतो ऑफिसात. मला तो तिथे तसाच बसलेला दिसतोय कालपासून.

खडीसाखर

पण बघ ना, तू कालपासून त्याला घेऊन बसलीयस. लग्न लावून दिलं असतं तर संपवून झोपली असतीस, आज हा धागा नसता.

गवतीचहा

असेल. पण मनात राहणं आणि समाधान होणं यात फरक आहे की नाही? काट्याचंही लक्ष असतंच आपल्याला दिवसभर.

आठव्यावर_अडकलेली

मी वरची सूचना न वाचता सगळा धागा वाचून काढला आणि आता काय करू सांगा. आठवा भाग झालाय माझा. सोडून देऊ का?

रानजाई

नको गं सोडू!

निवळशंख

सोडू नकोस. माद्रिदपर्यंत तरी जा.

चाळकरी

पुढे बघा. आणि त्या दोन माणसांना विसरू नका, मी सांगितलेल्या.

गवतीचहा

बघ गं. मी एवढी तणतणले तरी सांगते, बघ. फक्त एक कर, दहावा भाग, समुद्राचा, तो झाला की दोन दिवस थांब, लगेच पुढे जाऊ नकोस. मी दुसऱ्या दिवशीच पुढचा लावला आणि तो उन्हाळा माझ्या हातून फार पटकन गेला.

आठव्यावर_अडकलेली

दहावा झाला आत्ता. पाचही जण वाळूवर आडवे पडलेत तिथे थांबवलंय. टीव्ही तसाच चालू ठेवलाय, आई म्हणतेय बंद कर नाहीतर पुढचा लाव. म्हटलं राहू दे थोडा वेळ.